तीन लाखांत जुना ट्रॅक्टर: मौद्याचा की सावनेरचा?

माझ्या भाच्याची नागपूर जिल्ह्यातल्या काटोल तालुक्यात अकरा एकर शेती आहे. सात एकर काळी भारी जमीन, तिच्यात कपाशी, तूर आणि सोयाबीन. उरलेल्या चार एकरांत संत्रा. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच्या जोडीतला एक बैल गेला आणि उन्हाळवाहीच्या आधी काहीतरी ठरवणं भाग पडलं. भाड्याच्या ट्रॅक्टरवर त्याचा भरवसा उरला नव्हता. वापसा (पेरणीजोगी ओल) आला की सगळ्या गावाला त्याच चार दिवसांत ट्रॅक्टर हवा असतो, आणि तो आधी मोठ्या वावरवाल्याकडे जातो. भाच्याजवळ तीन लाख रुपये होते, कर्ज काढायचं नव्हतं. त्याने मला फोन केला, कारण तीस वर्षं मी कळमेश्वरच्या वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टर खोलण्या-बांधण्यात काढली आहेत.

त्याला मी पहिला प्रश्न कंपनीचा विचारला नाही. काम कोणतं, ते विचारलं. पाच फुटी रोटाव्हेटर, नऊ दातांचा कल्टिव्हेटर, पेरणी यंत्र, संत्र्यात फवारणीचा ब्लोअर, आणि हंगामात चार-पाच वेळा क्रेट भरून ट्रॉली नागपूरच्या कळमना मार्केटला. चिखलणी (धानाच्या बांधीत चिखल करणं) नाही, रेतीची वाहतूक नाही, दुसऱ्याच्या वावरात भाड्याने जायचं नाही. एवढ्या कामाला ३५ ते ४० एचपी पुरते. इंजिनची ताकद आणि पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर, मिळणारी ताकद एक नसते. ३९ एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर साधारण ३३ एचपी मिळतात, आणि पाच फुटी रोटाव्हेटर त्यावर काळ्या मातीतही चालतो, फक्त ओल जास्त असताना घाई करायची नाही. बागेत झाडं अठरा-वीस फुटांवर आहेत, फांद्या खाली येतात. तिथे बुटका, हलका ट्रॅक्टर सोयीचा.

भाऊजींच्या मनात मात्र एचएमटी होता. नव्वदच्या दशकात त्यांनी गावातल्या एकाचा एचएमटी चालवला होता आणि अजून त्या इंजिनाचा आवाज त्यांच्या कानात आहे. जवळच एक ९० हजारांत मिळत होता. त्यांचं कौतुक खोटं नाही. एचएमटीचे ट्रॅक्टर १९७१ पासून पिंजोरला झेटरच्या सहकार्याने बनू लागले. जाड लोखंड, संथ चाल आणि नांगराला दमदार ओढ. पण तो कारखाना २०१६ मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला. जुलैमध्ये लिफ्टचा (मागचं अवजार उचलणाऱ्या हायड्रोलिकचा) व्हॉल्व्ह गेला तर तो सुटा भाग भंगारातून शोधायचा, बसला तर बसला. ज्याच्याकडे दोन ट्रॅक्टर आहेत त्याने हौसेने एचएमटी ठेवावा. एकुलत्या ट्रॅक्टरसाठी मी नको म्हटलं, आणि भाऊजींना ते आवडलं नाही.

सुट्या भागांचा विचार आमच्या भागात वेगळ्या अंगाने करावा लागतो. हिंगण्याच्या एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे. १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या जोडीने सुरू झालेली ही परंपरा, त्यामुळे जुन्या मॉडेलची माहिती असलेले मिस्त्री इथे तालुक्या-तालुक्यात भेटतात. मॅसीची जुनी तीन सिलिंडरची सिम्पसन इंजिनंही इथल्या हातांना पाठ आहेत. स्वराज १९७४ पासून आहे. आयशरचा एक सिलिंडरचा, हवेवर थंड होणारा २४ एचपीचा ट्रॅक्टर डवरणीला (पिकाच्या ओळींमधल्या कोळपणीला) आणि पाण्याच्या पंपाला आजही चांगला. रेडिएटरच नाही, म्हणून तो फुटायची भीती नाही, पण फिनमध्ये कचरा साचू द्यायचा नाही आणि त्याच्याकडून रोटाव्हेटरची अपेक्षा ठेवायची नाही. गावापासून पंधरा-वीस किलोमीटरवर ज्या ट्रॅक्टरचा मिस्त्री आहे, त्या ट्रॅक्टरचा एखादा उणेपणा मी सोडून देतो. ज्याचा मिस्त्री जवळ नाही, त्याचा नाही.

शेवटी दोन ट्रॅक्टर पाहायचे ठरले. त्यांच्या कंपन्यांची नावं इथे मुद्दाम लिहीत नाही. त्यांच्यात जे दोष निघाले ते कामाने आलेले होते.

मौद्याचा ट्रॅक्टर

२०११ चं मॉडेल, चार सिलिंडर, ४५ एचपी, मागणी ३ लाख १० हजार. भंडारा रोडने मौद्याला पोहोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. ट्रॅक्टर अंगणात उभा, नुकता रंगवलेला, सीटवर प्लास्टिक.

"मामा, हा तं नवाच दिसते," भाचा म्हणाला.

"रंग पाहू नको, बाप्पा. बोल्टाचं डोकं पाह्य."

ग्रीसच्या निपलवर रंग होता. रंग लागल्यानंतर तिथे ग्रीस गन एकदाही लागलेली नाही, असा त्याचा अर्थ. मी रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावला, तो कोमट होता. मालक म्हणाले, आताच वावरातून आणला. असेलही. पण गरम इंजिन सुरू होतंच, त्यावरून काही कळत नाही. आम्ही त्यांना सांगून मौद्यात नाश्ता केला, कालव्याच्या बाजूने एक चक्कर मारली आणि अडीच तासांनी परत आलो.

थंड इंजिन दुसऱ्या सेल्फला लागलं. मिनिटभर पांढरा धूर, मग साफ. चालू इंजिनावर मोबिल (इंजिन ऑइल) टाकायचं झाकण काढलं आणि उलटं करून तोंडावर ठेवलं. लायनर-पिस्टन खाल्लेलं असेल तर खालून येणारी हवा ते झाकण उडवते. इथे ते जागेवर थरथरत राहिलं. मोबिलमध्ये पाणी नाही, रेडिएटरमध्ये तवंग नाही. दोन वर्षांपूर्वी इंजिन हाफ केल्याचं (अर्धी बांधणी नव्याने केल्याचं) बिल मालकांनी दाखवलं आणि ते खरं होतं. इंजिन या ट्रॅक्टरची चांगली बाजू होती, ते मी त्यांच्यासमोरच भाच्याला सांगितलं.

पण मौदा हा धानाचा पट्टा. पेंच धरणाचं पाणी येतं, जुलैमध्ये परे (धानाची रोपं) लावण्याआधी चिखलणी चालते, आणि ट्रॅक्टर केजव्हील (लोखंडी पिंजऱ्यासारखी चाकं) लावून मांडीभर चिखलात दिवस-दिवस फिरतो. मागच्या चाकांच्या डिस्कवर, रंगाच्या खाली, केजव्हीलच्या क्लॅम्पचे घासल्याचे व्रण हाताला लागत होते. उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला हातभर जागेत रंग धरलाच नव्हता. तिथे तेलाचा काळा कड होता. तेलकट लोखंडावर रंग चढत नाही. विकणाऱ्याने लपवायला रंग दिलेला असो वा नसो, गळतीची जागा त्या रंगानेच दाखवून दिली.

मी गिअर ऑइलचा लेव्हल बोल्ट उघडू द्याल का म्हणून विचारलं. ते हो म्हणाले, हे त्यांच्या भल्या मनाचं लक्षण. आतून आलेलं तेल दुधाच्या चहासारखं होतं.

चिखलणीत हे कसं होतं ते सांगतो, कारण चिखलणी केलेला ट्रॅक्टर विकत घेणाऱ्या बऱ्याच जणांना ते माहीत नसतं. काम करताना मागचं हाउसिंग तापतं. ते थंड पाण्या-चिखलात बुडलं की आतली हवा आकसते आणि बाहेरून ओढ घेते. अ‍ॅक्सलचं सील थोडं जरी झिजलेलं असेल तर तेवढ्या वाटेने पाणी आत जातं. एका दिवसात चमचाभर. पाच हंगामांत ते बेअरिंगवर गंज धरतं. या ट्रॅक्टरात गिअर, डिफरन्शियल आणि लिफ्ट यांचं तेल एकच आहे, म्हणजे तेच पाणी हायड्रोलिकच्या पंपापर्यंत आणि व्हॉल्व्हपर्यंत पोहोचलं.

म्हणून लिफ्टची परीक्षा नीट घ्यायची ठरवली. रोटाव्हेटर जोडून उचलला, इंजिन बंद केलं, भिंतीवर खडूने रेघ मारली. दहा मिनिटांत काहीच हललं नाही. मालकांना वाटलं झालं. पण तेल थंड होतं, म्हणून दाट होतं. अर्धा तास शेजारच्या वावरात रोटाव्हेटर चालवला, पुन्हा तीच रेघ. बारा मिनिटांत रोटाव्हेटर वीतभर खाली आला होता. इंजिन चालू असतानाही तो मधून मधून उचक्या देत होता: थोडा बसायचा, पुन्हा उचलायचा. लिफ्ट थंड असताना पाहणं म्हणजे न पाहण्यासारखंच, असं मी नेहमी सांगतो. तरीही दहांतले नऊ जण ती अंगणात, थंड, अवजार न जोडता पाहतात.

मालक खजील झाले. ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या हाती असायचा, त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

कोणता दोष किती रुपयांचा

परतताना गाडीत भाचा म्हणाला, इंजिन चांगलं आहे तर बाकीचं करून घेऊ. इथे माझं आणि त्याचं जुळत नव्हतं. इंजिनाची मला भीती वाटत नाही. इंजिन दाखवतं, बोलतं, धूर सोडतं, आणि लायनर-पिस्टनचा सेट, क्रँकचं ग्राइंडिंग, नोजल यांचा खर्च उघडण्याआधी सांगता येतो. मला भीती त्या दोषाची वाटते जो बंद हाउसिंगच्या आत आहे आणि ज्याची किंमत उघडल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. मौद्याच्या ट्रॅक्टरला सील आणि तेल बदलून पंचवीस हजारांत भागलं असतं किंवा बेअरिंग, क्राउन-पिनियन (डिफरन्शियलचे मुख्य गिअर) आणि लिफ्ट धरून लाखाच्या घरात गेलं असतं. भाच्याजवळ तीनच लाख होते. त्याला ठरलेल्या किमतीचे दोष परवडणारे होते. न ठरलेल्या किमतीचा एकही परवडणारा नव्हता.

आमच्याकडे साल विचारायची सवय आहे. २०११ चा म्हटला की २००८ पेक्षा चांगला, असा हिशेब. मी सालाला फार मान देत नाही. चौदा वर्षं चिखलणी केलेला ट्रॅक्टर आणि सतरा वर्षं कोरडवाहू वावरात फिरलेला ट्रॅक्टर यांच्यात म्हातारा कोण, हे आरसी बुक सांगत नाही.

सावनेरचा ट्रॅक्टर

पुढच्या रविवारी सावनेर तालुक्यात गेलो. २००८ चं मॉडेल, तीन सिलिंडर, ३९ एचपी, मागणी २ लाख २५ हजार. रंग उन्हाने पांढुरका झालेला, सीट फाटलेली, एक हेडलाइट नाही. तास दाखवणारं मीटर ४,३१२ वर अडकलेलं. भाच्याचा चेहरा पडला.

मीटर बंद असलं तरी ट्रॅक्टर तास सांगतो. क्लचच्या पेडलवरची रेघारेघांची जाळी झिजून लोखंड गुळगुळीत झालेलं होतं. मागच्या हुकाचं भोक मात्र जवळपास गोल होतं. ट्रॉली खूप ओढलेल्या ट्रॅक्टरचं हे भोक अंड्यासारखं लांबट होतं. मागच्या टायरच्या पट्ट्या निम्म्याहून जास्त शिल्लक आणि मधोमध घासलेल्या नव्हत्या, म्हणजे डांबरी रस्त्यावर तो फार पळालेला नाही. पण पीटीओ शाफ्टचे दाते ब्लेडसारखे पातळ झाले होते. या चार गोष्टी एकत्र ठेवल्या तर उत्तर एकच निघतं: हा ट्रॅक्टर उभ्याने खूप चालला आहे. मालकांना विचारलं, "काकाजी, थ्रेशर किती वर्षं चालवलं?"

"अकरा वर्षं," ते म्हणाले. "सोयाबीन, तूर, चना, गहू. चार गावं होती माझ्याकडं."

उभ्या कामात चाकं फिरत नाहीत, म्हणून गिअर, डिफरन्शियल, अ‍ॅक्सल सांभाळून राहतात. झीज इंजिन, क्लच आणि पीटीओवर जाते. आणि थ्रेशरचा खरा शत्रू भुसा. एअर क्लीनर नीट नसेल तर दोन हंगामांत लायनर संपतं. म्हणून इथे मी सर्वांत जास्त वेळ एअर क्लीनरवर घालवला. ऑइल बाथचा वाडगा उघडला: तेल बऱ्यापैकी स्वच्छ, तळाला बोटभर नव्हे तर नखभर गाळ. क्लीनरपासून इंजिनापर्यंत जाणारा रबरी पाइप सोडवला आणि आत बोट फिरवलं. बोट कोरडं आणि स्वच्छ आलं. त्या पाइपात धूळ निघाली असती तर मी तिथूनच परत फिरलो असतो. गोठ्याच्या खांबाला, खिळ्यावर, एअर क्लीनरचं एक जादा रबर टांगलेलं होतं. हंगामात रोज संध्याकाळी वाडगा धुवायचो, असं काकाजी म्हणाले, आणि मला ते खरं वाटलं.

इंजिन पहिल्याच सेल्फला लागलं. रेस दिल्यावर निळसर झाक होती, म्हणजे थोडं मोबिल जळत होतं. झाकण उलटं ठेवलं तर ते उड्या मारत होतं, पण पडलं नाही. म्हणजे मौद्याच्या इंजिनापेक्षा हे थकलेलं. दोन-तीन वर्षांत काम निघेल, असा अंदाज मी भाच्याला दिला. डिझेलचा पंप रोटरी प्रकारचा होता. त्याला आतून वंगण डिझेलचंच मिळतं, म्हणून पाणी आलेलं डिझेल त्याला सोसत नाही. फिल्टरच्या तळाचा बोल्ट सैल करून पाहिला, पाणी नव्हतं.

क्लच मात्र घसरत होता. वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडला तर इंजिन तिथल्या तिथे बंद पडायला हवं. ते दोन सेकंद चालत राहिलं. बेल हाउसिंगच्या (क्लच ज्यात बसतो त्या पेटीच्या) खालच्या भोकातून काळं तेल टिपकत होतं. गिअर ऑइल असतं तर वेगळी गोष्ट. काळं म्हणजे मोबिल, म्हणजे क्रँकचं मागचं सील गेलेलं. दोन्ही दोष एकाच जागी, आणि त्या जागी पोहोचायला ट्रॅक्टर मधून फोडावाच लागतो. मजुरी एकदाच. पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घेऊन चाक हलवलं तर किंग पिनमध्ये (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीत) बोटाने जाणवणारी ढिलाई होती. पुढचे टायर भेगाळलेले.

गिअर ऑइल सोनेरी. लिफ्ट गरम करून वीस मिनिटं उभी ठेवली, दोन बोटं खाली आली. एवढं चालतं.

कागदपत्रांत एक अडचण निघाली. नोंदणीची पंधरा वर्षं २०२३ मध्ये संपल्यावर काकाजींनी पासिंग पाच वर्षांसाठी वाढवून घेतलं होतं, पण आरसीवर सोसायटीच्या कर्जाचा बोजा अजून दिसत होता. कर्ज केव्हाच फिटलेलं, बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ कोणी भरलाच नव्हता. आम्ही ठरवलं की २० हजार रुपये बोजा उतरल्यावर द्यायचे. तीन आठवड्यांत ते काम झालं आणि फॉर्म २९, ३० भरून नाव बदललं. इंजिन आणि चेसिसचे नंबर खडू घासून वाचले आणि आरसीशी ताडून पाहिले. या कामाला पाच मिनिटं लागतात, आणि ते न करता पैसे दिलेले लोक मी पाहिले आहेत.

सौदा १ लाख ९५ हजारांवर ठरला. मी दोष लपवून भाव पाडला नाही. प्रत्येक दोषाचा खर्च कागदावर लिहून त्यांना दाखवला. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचं सील आणि फोडण्याची मजुरी १६,५००. किंग पिन, बुश आणि टाय रॉड एंड ६,५००. पीटीओ शाफ्ट आणि सील ७,०००. पुढचे दोन टायर ९,०००. बॅटरी ६,५००. सगळी तेलं आणि फिल्टर ६,०००. एकूण ५१,५००. काकाजींनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "किंग पिनचं मलाही वाटत होतं." भाच्याच्या हातात ५३,५०० उरले. ते खर्च करायचे नाहीत असं मी बजावलं.

मे महिन्यात

माझ्याकडून एक गोष्ट सुटली आणि तिचा त्रास भाच्याला झाला. आम्ही ट्रॅक्टर मार्चच्या सुरुवातीला, सकाळी पाहिला होता. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, भर उन्हात, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वावरात नांगरटी करताना तासाभरात काटा लाल पट्टीत जाऊ लागला. भाचा दर तासाला थांबायचा. बाहेरून जाळी धुतली, पट्टा ताणला, काही फरक नाही. शेवटी रेडिएटर उतरवला. आतल्या निम्म्या नळ्या क्षारांनी बंद. अकरा वर्षं थ्रेशरच्या जागी जी विहीर जवळ तिचं पाणी त्यात गेलं होतं, आणि थर्मोस्टॅट कधीतरी कोणीतरी काढून टाकलेला. थर्मोस्टॅट नसल्यामुळे मार्चमध्ये इंजिन गार राहिलं आणि मला काही शंका आली नाही. मी रेडिएटरचं झाकण उघडून तवंग पाहिला, पण टॉर्च मारून नळ्यांची तोंडं पाहिली नाहीत. एअर क्लीनरला जेवढा वेळ दिला त्याच्या दहाव्या हिश्शात ते झालं असतं. थ्रेशरवाल्या ट्रॅक्टरात रेडिएटरवर भुसा आणि उभ्याने काम या दोन्हींचा भार पडतो, हे मला माहीत असायला हवं होतं, आणि होतंही.

नवा कोअर, थर्मोस्टॅट आणि कूलंट मिळून ११,००० लागले. राखून ठेवलेल्या पैशांतून ते गेले. नांगरटीचे चार दिवस वाया गेले, पण पेरणीच्या आधी काम झालं. जूनमध्ये वापसा आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या ट्रॅक्टरने तूर-सोयाबीन पेरलं.

तेव्हापासून तो एका वहीत तास लिहितो, कारण मीटर अजून बंदच आहे. किती तास, किती डिझेल, किती मोबिल टाकलं. मध्यम कामाला ताशी साडेतीन लिटरच्या आसपास डिझेल जातं. मोबिलची पातळी दर पन्नास तासांनी किंचित उतरते. ती उतरण्याचा वेग वाढला की इंजिन उघडायचं, असं आमचं ठरलं आहे. भाऊजी संध्याकाळी ट्रॅक्टरवर बसून एअर क्लीनरचा वाडगा स्वतः धुतात. काकाजींनी सौद्याबरोबर दिलेलं ते जादा रबर त्यांनी आपल्या गोठ्याच्या खांबाला टांगलं आहे.

मौद्याच्या मालकांनीही पुढे फोन केला होता. त्यांनी मागचं हाउसिंग उघडलं तेव्हा उजव्या बाजूचं बेअरिंग दाण्यादाण्याने खाल्लेलं निघालं. क्राउन-पिनियन वाचलं होतं. खर्च ४२ हजार झाला. ट्रॅक्टर त्यांनी विकला नाही. आता चिखलणी संपली की लगेच मागचं तेल बदलतात, आणि कोणतं सील वापरू म्हणून विचारायला पुन्हा एकदा फोन आला होता.